डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले

सौदीतल्या जेद्दाच्या शराफिया भागात एका दुमजली दवाखान्यात मी अकरा वर्षं एक्स-रे काढले. दापोलीजवळच्या खाडीकाठचं, कोकणी मुसलमानांचं माझं गाव. बायको तिकडेच होती, आणि दर शुक्रवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न असायचा, "जेवलात का?"

दोन हजारच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे नवे डॉक्टर आले. पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाचे. पंचेचाळिशीचे, किडकिडीत, इतके उंच की माझ्या खोलीच्या दारातून नेहमी वाकून यायचे. माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मधेच पेशंटकडून उचललेलं हिंदी घुसडायचे. ते आले तशा बलदच्या जुन्या बाजारात फुटपाथवर शेंगदाणे आणि कापड विकणाऱ्या आफ्रिकन बायका आमच्याकडे येऊ लागल्या. खुर्च्या मोकळ्या असल्या तरी त्या जमिनीवर बसायच्या आणि डॉक्टरांशी घरच्या बोलीत चढ्या आवाजात भांडायच्या. निदान मला ते भांडणच वाटायचं.

पहिलं वर्ष-दीड वर्ष आमचं बोलणं फिल्म देण्याघेण्यापुरतं होतं. मग मला खोकला लागला. जाईना. इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाची तपासणी महिन्यावर आली होती. एका दुपारी नर्सला बटण दाबायला सांगून मी माझ्याच छातीचा एक्स-रे काढला. डार्करूममधून फिल्म बाहेर आणली, दिव्याच्या पेटीवर लावली, आणि उजवीकडे वरच्या बाजूला ढगासारखा डाग दिसला. असे डाग मी रोज बघत होतो. हा मात्र माझा स्वतःचा होता. टीबी निघाला तर इकामा खलास, पहिल्या विमानाने घरी.

फिल्म घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. दार लावून घेतलं.

"डॉक्टर, तपासणीच्या कागदावर नॉर्मल लिहाल?"

त्यांनी फिल्म उजेडात धरली. मग मला पाठमोरा बसवून पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं. बराच वेळ.

"टीबी असेल तर मी टीबीच लिहीन," ते म्हणाले. "पण मला हा न्युमोनिया वाटतो. आधी थुंकी तपासू. तीन सकाळी. आणि तोवर घाबरणं बंद."

घाबरणं कसलं बंद होतंय! तीनही सकाळी रिपोर्ट चांगला आला, गोळ्या सुरू झाल्या, खोकला कमी झाला, तरी मी बायकोला काही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढली. डाग नव्हता. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. डॉक्टरांनी चहा मागवला, माझ्यासमोर बसले, आणि मी शांत व्हावं म्हणून असेल, स्वतःची हकीकत सांगू लागले.

मायदेशी ते एका सरकारी रुग्णालयाचे प्रमुख होते. एका उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी मुलं दगावू लागली. राजधानीतून फोन आला: मोठे साहेब तुमच्या शहरात येणार आहेत, अहवालात शिळं अन्न बाधलं असं लिहा. यांनी कॉलरा लिहिला. आठवडाभरात बदली झाली. नव्या जागी रुग्णालयाची नुसती पाटी होती, इमारत नव्हती. काही महिने झाडाखाली टेबल टाकून पेशंट तपासले आणि मग ते जेद्दाला आले.

पुढे दोनेक वर्षांनी त्यांच्या शहरातले तिघेजण उमऱ्याच्या यात्रेला आले आणि मक्केहून थेट आमच्या दवाखान्यात हजर झाले. माझ्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसले. निवडणूक जाहीर झाली होती. आमच्या भागातून तुम्ही उभे राहा, एवढंच मागायला ते आले होते. ते गेल्यावर डॉक्टर आत आले.

"तुला काय वाटतं?"

"तुमच्या बायकोला काय वाटतं?"

"ती म्हणते, तिथेच राहा आणि जिवंत राहा."

मी हसलो. मग का कोण जाणे, म्हणालो, "जा, डॉक्टर. तुमचं मन कधीच गेलंय."

आमचा कफील, म्हणजे दवाखान्याचा मालक, आधी ऐकेना. पेशंट यांच्यासाठीच येतात हे त्याला ठाऊक होतं. चार दिवस त्याने पासपोर्ट अडवला. पाचव्या दिवशी स्वतः खुरूजचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा, शिक्का मारून आणून दिला आणि म्हणाला, "हरलास तर परत ये. तुझी खुर्ची कुणाला देणार नाही."

निवडणुकीच्या आठवड्यात मी शराफियातल्या हॉटेलात अरबी बातम्यांसमोर बसून राहिलो. त्या देशाचं नाव एकदाच आलं. जळते टायर, पळणारी माणसं, निकालावरून दंगल. दुसऱ्या दिवसापासून बातमी नाही. त्यांचा फोन लागेना. बलदच्या बायकांनाही काही कळत नव्हतं. एक म्हणाली, उमेदवारांना पकडून नेलंय. तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा 'जा' म्हणणारा मीच होतो.

मग एका सकाळी, पेशंट टेबलावर झोपलेला असताना, दवाखान्याच्या फोनवर मला बोलावणं आलं.

"हरलो रे," डॉक्टर म्हणाले. "पण घरी आहे. दंगलीत फोनच्या तारा कापल्या होत्या, बाकी सगळं ठीक."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचं अभिनंदन केलं. पलीकडे ते हसत सुटले. पेशंट मात्र तोवर श्वास धरूनच पडला होता बिचारा!

"मग परत येताय ना?" मी विचारलं.

"नाही. आता लोकांना माझं घर माहीत झालंय. पहाटेपासून अंगणात रांग असते."

पुढच्या निवडणुकीत ते जिंकले. नंतर आरोग्य खात्याचे उपमंत्री झाले, आणि त्या दशकाच्या शेवटी त्यांच्या देशाच्या हाजींबरोबर आले. हज उरकल्यावर त्यांनी मला मक्केत हॉटेलवर बोलावलं. खाली कोट घातलेला एक माणूस म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. वर जाऊन बघतो तर बैठक म्हणजे एका म्हातारीचा रक्तदाब. उपमंत्री गुडघ्यावर बसले होते आणि ती त्यांना ओरडत होती. साहेब आता चांगले भरले होते, केस पांढरे झाले होते.

जेवताना मी विचारलं, "पस्तावलात का कधी?"

त्यांनी मला आणखी भात वाढला. "पूर्वी एक माणूस आठवड्यात बरा व्हायचा. आता एका गावात नर्स पाठवायला वर्ष जातं. दमतो. पण नर्स पोचते. पस्तावलो नाही."

निघताना त्यांनी मला मिठी मारली, पाठीवर पूर्वीसारखंच ठोकलं आणि म्हणाले, "आवाज साफ आहे."

संध्याकाळच्या बसमध्ये मला अशी गाढ झोप लागली, की जेद्दात शिरल्याचंही कळलं नाही. ड्रायव्हरने खांदा हलवला. "यल्ला, उतरा. शराफिया आलं."