चपलांच्या पिशवीतली पुस्तकं

हे लिहावं की नाही, असा बरेच दिवस संकोच होता. मी शीख नाही; बुद्धवंदना म्हणत वाढले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन विषय राहिले, तेव्हा ठरवलं की नांदेड सोडायचं, बिलोलीला घरी जायचं आणि पुन्हा पुस्तकाला हात लावायचा नाही. आईला फोनवर फक्त ‘येते’ एवढंच सांगितलं. गाडी दुपारची होती. तोवर कुठं बसावं कळेना, म्हणून गुरुद्वाऱ्यात गेले. तिथं कोणी काही विचारत नाही, एवढं ऐकून होते.

चपला ठेवायच्या खिडकीत एक म्हातारे शीख सेवेकरी लोकांचे जोडे पुसून ठेवत होते. माझ्या एका चपलेचा अंगठा तुटलेला. हरवू नये म्हणून मी दोन्ही चपला पुस्तकांच्याच पिशवीत कोंबल्या आणि पिशवी पुढं केली. त्यांनी आत पाहिलं आणि ते थबकले.

“बेटा, किताब के साथ जोडे?”

“राहू द्या बाबाजी, रद्दीच हाय ती. नापास झाले मी.”

“नापास तू हुई ना? किताब थोडीच नापास हुई!”

मला रडता रडता हसू आलं. त्यांनी हात धुतले, खांद्यावरचा स्वच्छ निळा कपडा काढला, एकेक पुस्तक पुसून त्यात बांधलं आणि डोक्याहून उंच फळीवर ठेवलं. “गुरू तो अंदर है,” ते म्हणाले, “पर अक्षर इधर भी है. जा, बैठ.”

डोक्यावर ओढणी घेऊन आत बसले. चांदव्याखाली, रुमाला म्हणतात त्या रेशमी वस्त्रांमध्ये गुरू ग्रंथ साहिब विराजमान होते. घरातल्या वडीलधाऱ्याला वारा घालावा, तशा मायेनं चौरी ढाळली जात होती. अखंड पाठ चालू होता. शब्द मला कळत नव्हते. वाचणाऱ्यांची पाळी संपत आली तसे दुसरे शेजारी येऊन बसले, त्याच ओळीत त्यांनी आपला आवाज मिसळला आणि मग पहिले अलगद उठले. वाचन क्षणभरही थांबलं नाही. मला वाटायचं, घरादाराचं शिक्षण माझ्या एकटीच्या खांद्यावर आहे. पण माझ्या आईला वाचता येत नाही, तरी पुस्तकाला पाय लागला तर ती ते कपाळाला लावते. माझ्याआधी ही पाळी तिनंच सांभाळली होती. माझं डोकं आपोआप जमिनीला टेकलं.

लंगरात जेवून आईला फोन केला.

“बसलीस का गाडीत?”

“न्हाई आई. पुन्हा परीक्षा देते म्हणून राहिले. तीन विषय गेलेत.”

“जेवलीस का?”

“हाव.”

“मग दे की.”

पुस्तकं परत घेताना मी कपडा सोडू लागले, तर बाबाजी म्हणाले, “रहने दे. वो किताबों का है.”

पुढच्या परीक्षेत दोन विषय सुटले. तिसऱ्याचा पेपर उद्या आहे. झेपेल तेवढा अभ्यास झाला. आता पुस्तक त्या निळ्या कपड्यात बांधून उंच फळीवर ठेवलंय आणि हात जोडलेत. पुढचं माझ्या हातात नाही, आणि आज पहिल्यांदाच त्याची भीती वाटत नाही.