अम्मांची पाठ

जळगाव स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी आईनं खिडकीच्या गजांतून हात घालून माझा दंड दाबला. "तिथली माणसं आपलीच आहेत गं, मराठीच बोलतात," असं ती दोनदा म्हणाली. धीर मला देत होती की स्वतःला, कोण जाणे. बाबा पाण्याची बाटली भरायला म्हणून गेले, ते गाडी हलल्यावरच नळाजवळून वळले. लग्न होऊन मी तंजावूरला निघाले होते. शेजारी राघव, माझा नवरा, अवघडून बसला होता.

आई म्हणाली ते खोटं नव्हतं. राघवच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात. पण त्या मराठीला तमिळचा हेल, आणि 'कशाला' म्हणायचं तर 'कसाला'. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. एकमेकींचं बोलणं पटकन कळायचं नाही, म्हणून मी मोबाईलवर मराठीत लिहायचे; ते त्या राघवकडून वाचून घ्यायच्या आणि उत्तरही त्याच्याचकडून द्यायच्या. एका घरात राहून आम्ही दोघी अशा राघवमार्फत बोलत होतो.

आणि हवा! आपल्या जळगावचं ऊन भाजतं, पण घाम वाळतो. इथं घाम वाळतच नाही. पहिल्याच उन्हाळ्यात माझी मान, कंबर, कोपरांचे खळगे घामोळ्यांनी भरले. मी डबेच्या डबे पावडर थापत होते. अम्मा एकदा म्हणाल्या, "तें पीठ कसाला लावतीस? अंगाला वारा दे." मला ते टोचलं. मी उठून खोलीत गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात अम्मा न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड ठिसूळ. काही आठवडे पायावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "पडून राहून पाठीला जखमा होतात, तेव्हा कातडी जपा. ती फुटली तर चालणं फार लांबेल." म्हणून विजेवर फुगणारी हवेची गादी आणली. अंग पुसायला रोज सकाळी जवळच्या तिरुवैयारूहून एक नर्स यायची. तेवढा वेळ खोलीचं दार बंद. मला आत जायची मुभा नव्हती.

मग एका दुपारी वादळ आलं. तासाभरात झाडं, खांब, तारा, सगळं आडवं. नर्सचा रस्ता बंद झाला. राघव वीज खात्यात नोकरीला, पापनाशमला. तो तिथंच अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर संपला आणि अम्मांखालची गादी हळूहळू बसली. खाली उरलं ते तापलेलं प्लास्टिक.

राघवचा फोन कसाबसा लागला. "आधी हॉस्पिटलं, मग पाण्याचे पंप. आपली गल्ली त्यानंतर," तो म्हणाला.

"अरे, वीज खात्यातल्या माणसाचं घर हे! अम्मांचं काय?"

"तू आहेस ना."

मी चिडून फोन ठेवला आणि अम्मांच्या खोलीत गेले. जळगावात करतो तसं खिडकीवर ओलं पोतं टांगलं. खोली थंड व्हायच्या ऐवजी आणखीच कोंदली.

"ओलं काढ तें," अम्मा म्हणाल्या. "इथं पाणीच आहे हवेंत. वारा आडवूं नको."

पोतं काढलं. मग मी म्हटलं, "अम्मा, तुमची पाठ बघायला हवी."

"तू कसाला? नर्स येईल उद्या."

"उद्याही येणार नाही. रस्ता बंद आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "माझ्या आईनंतर कोणीं पाहिलं नाहीं माझं अंग. ती नर्स परकी, म्हणून लाज नाहीं. तू घरची."

घरची! या दोन-तीन वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, तोही नकार देताना. मी खाटेच्या कडेला बसले. "घरच्या माणसानं नाही बघायचं तर कोणी?" बऱ्याच वेळानं त्यांनी पदर सैल केला.

माकडहाडावर लालबुंद डाग होता. मी बोटानं दाबला. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला. असा पांढरा होतो तोवर कातडी वाचवता येते, हे नर्सनं राघवला सांगताना मी ऐकलं होतं.

समोरच्या सेल्वीअक्कांना हाक मारली. दोघींनी मिळून गादी काढली, खाट मागच्या ओसरीवर वाऱ्याला घेतली आणि अम्मांच्या जुन्या सुती नऊवारी साड्यांच्या घड्या अंथरल्या. सेल्वीअक्कांनी विहिरीचं पाणी ओढून दिलं. मी अंग पुसलं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. काखा, मांड्यांच्या घड्या पार कोरड्या केल्या. पावडरचा डबा फळीवरच राहिला. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन पायांमध्ये उशी ठेवायची, डागावर अजिबात भार येऊ द्यायचा नाही. मधल्या वेळात विसिरीनं, म्हणजे ताडपंख्यानं, वारा घालायचा. वारा घालता घालता बोलणंही व्हायला लागलं. अम्मांनी विचारलं, "तुझी आई कशी राहती गं, तुझ्याविना?" मी पंखा जोरजोरात हलवायला लागले. त्यांनी माझा पंख्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं माझ्या कपाळावरचा घाम टिपला.

डाग आधी गुलाबी झाला, मग विरत गेला. वीज आली तेव्हा राघवही आला, उन्हानं करपलेला, मान सोललेली. अम्मांनी त्याला खालीवर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "याचीही कातडी आतां तूच बघ." आम्ही तिघंही हसत सुटलो.

पावसाळ्याआधी अम्मा वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या.

गेल्या हिवाळ्यात मी जळगावला गेले होते, तेव्हा माझे ओठ फुटले, टाचा उलल्या. आई म्हणाली, "तुझ्या अंगाला इथली हवा सोसेना गं आता." ती जराशी दुखावली होती. तेवढ्यात फोन वाजला. अम्मा होत्या, आता राघव मध्ये नसतो. आईलाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

"वॉकर सोडला आज," अम्मा म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत जाऊन आलें. तू नव्हतीस, म्हणून कोणालाच सांगितलं नाहीं अजून."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "विहीणबाई, तिला आणखी चार दिवस ठेवून घेते. मग पाठवते घरी."

"ठेवा हो," अम्मा म्हणाल्या. "तेंही घरच आहे तिचं."