भिंतीतली मेथी

नवीन जागा दिसली की बाई टाचेने जमिनीला दोनदा ठोकत. आपण कलिंगड वाजवून बघतो, तसं. मग निकाल देत: "राहता येईल," नाहीतर "पळा." माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा हॉलच्या लॅमिनेटलाही दोन ठोके बसले. निकाल "पळा" लागला. मॉर्गेज माझ्या नावावर, पळते कुठे?

नॉटिंगहॅममध्ये भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने मिळतात. बाईंचा तुकडा माझ्या शेजारी. सत्तरी उलटलेल्या, कृष्णवर्णीय, मूळच्या अमेरिकेतल्या कॅन्ससच्या. इंग्लिश नवऱ्यामागे इथे आल्या. तो वारल्यावर कांदे लावायला लागल्या. "कांदे ऐकून घेतात," म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "मी तुमची नवी शेजारीण."

"शेजारीण नंतर. पाच वर्षं टिकून दाखव, मग बघू."

"व्हिसा देताना होम ऑफिसही मला हेच म्हणालं होतं."

"त्यांनी फी घेतली असेल, हनी. मी फुकटात अपमान करते."

पाच वर्षांचा हा नियम त्यांच्या घराण्यातला. गुलामगिरी संपली तरी पणजोबांचा मालक तोच आणि शेतही तेच राहिलं. शेवटी पणजोबांनी बायकोमुलांसह पश्चिमेची वाट धरली. सरकार सांगत होतं, माळावर पाच वर्षं राहा, जमीन कसा, मग ती तुमची. "ती आधी ज्यांची होती, त्यांना कुणी विचारलं नाही. तेही लक्षात ठेव," बाई बजावत. माळावर झाड औषधाला नव्हतं. मग गवताची जमीनच मुळांसकट विटांसारखी कापायची, उलटी रचायची आणि त्या घरात राहायचं. छतातून कधी माती पडे, कधी साप. पणजी छताखाली कापड ताणून बांधायची. "सापाची हरकत नव्हती, पण पिठात पडायचा."

एका हिवाळ्यात वादळाने बाईंची लाकडी शेड उडवली. बाईंना जोर चढला: आता पणजोबांसारखी मातीचीच बांधायची. त्यांच्या गल्लीत कुणीतरी पॅटिओच्या फरशीसाठी लॉन उपटलं होतं. ते सगळं माझ्या गाडीच्या डिकीतून आलं. डिकीत अजून गांडुळं सापडतात. आम्ही दोघींनी गवत खाली, माती वर अशा भिंती रचल्या. फळ्यांच्या छताखाली माझी जुनी सुती साडी ताणली. बाई आत खुर्ची टाकून बसल्या, टाच दोनदा ठोकली. "राहता येईल."

तुकडे भाड्याने देणाऱ्या कमिटीच्या सेक्रेटरींना तसं वाटलं नाही. शेड लाकडीच हवी, ही वसंतात पाडा, आणि पाडली नाही तर जागा सोडा, असं त्यांनी बजावलं. बाई त्या दिवशी एकही विनोद न करता घरी गेल्या. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी नियम वाचले. शेड लाकडीच हवी, हे खरं. पण उंच वाफ्यांवर कुठेच बंदी नव्हती. घरी मेथीदाण्यांचा मोठा पुडा होता. भिंतींच्या फटीफटीत दाणे कोंबले आणि झारीने पाणी घातलं. सेक्रेटरी परत आले तेव्हा चारी भिंती हिरव्यागार होत्या.

"ही शेड नाही," मी म्हटलं. "उभा वाफा आहे."

"आत खुर्ची आहे."

"वाफ्याला सोबत लागते," बाई म्हणाल्या.

मी मेथीची जुडी सेक्रेटरींच्या हातात दिली. कशी करायची तेही सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते लसूण किती घालायचा हे विचारायला आले. पाडापाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या थंडीत बाई हॉस्पिटलात होत्या. मी भेटायला गेले, तर नर्सला म्हणाल्या, "ही माझी शेजारीण."

"अजून वर्ष बाकी आहे," मी म्हटलं.

"तुझी मेथी कडू आहे. तरी सूट दिली."

बाई गेल्या. आता त्यांच्या जागेत एक तरुण जोडपं आलंय, उत्साही, नवे कोरे गमबूट घालून. पहिल्याच शनिवारी दोघं त्या भिंतींकडे बघत उभी होती. भिंती थोड्या खचल्यात. छताखालच्या साडीला मातीने चांगलाच झोळ आलाय.

"हे पाडलं तर तुम्हाला चालेल का?" मुलीने विचारलं.

मी टाचेने जमिनीला दोनदा ठोकलं.

"पाच वर्षं टिकून दाखवा," मी म्हटलं. "मग बघू."