वैशालीचा पहिला प्रश्न

शनिवार सकाळ, कर्वेनगर, माझं घर. हजर: मी, स्नेहा, अमोल. दोघे माझ्याकडे पीएच.डी. करतात. सोमवारी स्नेहाला संशोधनाचा आराखडा समितीपुढे मांडायचा आहे, म्हणून आज रंगीत तालीम. ती झाली, दोघे गेले. आता जे सांगते आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — घरातही नाही.

आधी कामाचं. आराखड्यात संदर्भ, पद्धत, प्रकरणांची मांडणी हे सगळं शिकवता येतं. प्रश्न मात्र विद्यार्थ्याच्या आतून यावा लागतो. हे मी दरवर्षी सांगते. आणि तरी —

वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. यवतमाळहून आलेली, वारज्यात खोली घेऊन राहायची. मुली शाळा मध्येच का सोडतात, हा तिचा विषय. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचाही तोच; माझं उत्तर होतं, शाळा लांब असते म्हणून. वैशाली शेजारच्या वस्तीत हिंडून आली. शाळा समोरच, तरी मुली घरी. तिने पहिलाच प्रश्न लिहिला: शाळा जवळ असूनही का सोडता, हे मुलींनाच विचारायचं.

वाचून मला काय झालं? भीती वाटली, दुसरं काय. मी माझ्या प्रबंधासाठी मुलींना विचारलंच नव्हतं. मुख्याध्यापकांना विचारलं होतं — तिथे खुर्ची मिळते, चहा मिळतो, उत्तरं पटापट मिळतात. ही चूक मला ठाऊक होती. वैशालीच्या कामातून ती सगळ्यांना दिसली असती.

मग मी आमच्या धंद्यातलं हुकमी वाक्य काढलं. "अगं, व्याप्ती फार मोठी होते आहे. हा प्रश्न काढ." व्याप्तीवर गाईडशी कोण वाद घालणार?

"पण मॅडम, हाच तं प्रश्न आहे ना जी," ती म्हणाली.

मी घड्याळाकडे पाहिलं.

तिने काढला. आराखडा मंजूर झाला, पदवी मिळाली. प्रबंध नीटनेटका, आत नवं काही नाही. ऋणनिर्देशात तिने लिहिलं, नेमकेपणा मॅडमनी शिकवला. आणि मी — मी तिने आणलेले पेढे खाल्ले.

आज स्नेहाने त्याच विषयावरच्या आपल्या आराखड्यातून वाचलं: आधीच्या अभ्यासकांनी मुलींना विचारलेलं नाही. त्या अभ्यासकांत पहिलं नाव माझं. वाचताना तिने मान वर केली नाही. माझ्या जिभेवर तेच वाक्य आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण म्हटलं, "हे ठेव. माझी चूक कुठे झाली तेही स्पष्ट लिही."

"मॅडमच्या लाल पेनाचा आज उपवास दिसतोय," अमोल पुटपुटला.

स्नेहा हसली, सावरून बसली. मुलींना कुठे गाठायचं, घरची माणसं समोर नसताना कसं बोलतं करायचं, हे तिने इतकं पक्कं मांडलं की मीच टिपणं घेत बसले. सोमवारी समितीने काहीही विचारू दे, तिच्याकडे उत्तर आहे. मुलींना आता कुणीतरी विचारणार आहे. किती दिवसांनी मला या कामात इतकं बरं वाटलं!

पण हे आधी वैशालीला सुचलं होतं, हे स्नेहाला माहीत नाही. आणि मी तो प्रश्न का काढायला लावला, हे वैशालीला माहीत नाही. ती आता स्वतः शिकवते. विद्यार्थ्यांना व्याप्ती कमी करायला सांगते म्हणे — माझ्यासारखीच.

आजची बाकीची कामं झाली. वैशालीला फोन करायचा राहिला आहे.