ज्या अहवालावर मी सही केली

देव आपलं ऐकतो, अशी आईची खात्री होती. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी मला मात्र त्यानं आपलं काहीच ऐकू नये असं वाटत होतं.

परदेशातल्या एका यादवीत शांतिसेनेबरोबर मी वाटाघाटींचं काम करत होतो. दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांबरोबर चहा प्यायचा, इकडचा शब्द तिकडे पोचवायचा. सीमेलगतच्या एका गावातले शाळामास्तर बिऱ्हाड घेऊन निघाले होते. मी त्यांना थांबवलं. युद्धबंदी टिकेल, माझा शब्द आहे, म्हणालो. त्यांनी गाढवावरचं सामान उतरवलं. तिसऱ्या दिवशी तोफा सुरू झाल्या. मास्तर आणि त्यांची धाकटी मुलगी गेली. बायको तेवढी वाचली. अहवालात वरिष्ठांनी एक वाक्य घातलं, ग्रामस्थांना कोणतंही आश्वासन दिलेलं नव्हतं. मी सही केली. पुढच्याच महिन्यात मला बढती मिळाली.

रजेवर घरी आलो, तर मी सुखरूप परतावं म्हणून आईनं समुद्रकाठच्या कुणकेश्वराला अभिषेक बोललेला. मुकाट्यानं गेलो. भटजींनी संकल्पाचं पाणी हातावर घातलं, नाव-गोत्र उच्चारायला सांगितलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. ज्याच्या शब्दावर विसंबून माणसं मेली, त्यानं देवाला कोणता शब्द द्यायचा? पाणी ओघळून गेलं. मी उठलो, आईच्या हाका मागे टाकून किनाऱ्यावर उतरलो आणि ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकांवर पार टोकाला जाऊन उभा राहिलो. भरती लागली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं. ते कळत होतं, पण पाय हलवावेसे वाटत नव्हते.

तेवढ्यात कुणीतरी दंड धरला. खांद्यावर जाळं टाकलेला एक म्हातारा गाबीत मासेमार होता. त्या वेळी तिथे एरवी कुणी नसतं. काही न विचारता त्यानं मला ओढत वाळूवर आणलं आणि मग विचारलं, घरातलं कोण गेलं का. घरातलं नाही, पण माझ्यामुळे गेलं, मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. सहीसुद्धा.

त्यानं खांद्यावरचं जाळं वाळूवर ठेवलं. मग म्हणाला, "दर्या शांत आसा, जा, असा मीच माज्या भावाक सांगलंय. तो परत येवक नाय. वैनीक जावन सांगलंय, चूक माजी. ती अजून माज्याशी बोलणा नाय."

"मग सांगून काय मिळालं?" मी विचारलं.

"मिळूक कित्याक व्हया? खरा तिचा होता, तिका दिलंय."

त्याच आठवड्यात मी दोन पत्रं लिहिली, एक कचेरीला आणि एक मास्तरांच्या बायकोला. दोन्हींत एकच खरं, शब्द मी दिला होता. कचेरीनं अहवाल बदलला नाही, मला बदललं. उरलेली नोकरी जुन्या फायलींच्या खोलीत गेली. मास्तरांच्या बायकोचं उत्तर वर्षभरानं आलं. तुम्ही शब्द दिला होता हे मला माहीतच होतं, पुन्हा लिहू नका, एवढंच.

त्या सहीचा कडवटपणा माझ्यातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मागणं मी कधी घातलंही नाही. पुढच्या रजेत मात्र आईबरोबर पुन्हा गाभाऱ्यात बसलो. भटजींनी विचारलं तेव्हा नाव-गोत्र स्पष्ट सांगितलं. स्वतःची बाजू न मांडता देवापुढे बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या म्हाताऱ्यानं दंड धरून मला पाण्याबाहेर काढलं, त्याचे उपकार मी मानतो ते सुटका केली म्हणून नाही, खरं कबूल करून शरण जायला शिकवलं म्हणून.