परीक्षेसाठी बांगडे

शामचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी मंजिरीच्या साडीला इस्त्री करत होते. तिची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली होती. ती तिथवर जाणार कशी, बसणार कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साडी मात्र तिनं स्वतः काढून ठेवली होती, किनाऱ्यावर उकडतं म्हणून सुती, निळी. शाम एवढंच म्हणाला, "अक्का, गेली." मी इस्त्री बंद केली. मग पुन्हा लावली आणि राहिलेला पदर पुरा केला. वेडेपणा म्हणा हवं तर...

मंजिरी माझी भावजय, शामची बायको. पुण्याहून लग्न होऊन आमच्या म्हैसूरच्या, सरस्वतीपुरमच्या घरात आली. आमचं कानडी मिसळलेलं मराठी ऐकून तिला हसू येई आणि त्या हसण्याचा मला राग. शाळेत वीस वर्षं तिनं जीवशास्त्र शिकवलं. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली त्याच वर्षी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तिनं जेवताना जाहीर केलं की किनाऱ्यावरच्या विद्यापीठात सागरी जीवशास्त्राचं एम.एस्सी. करणार. विरोध केला तो मीच, शामनं नव्हे. म्हटलं, "आपल्या ताटात मासा नाही आणि तू त्याची पदवी घेणार? सुम्ने, उगाच कशाला ही उठाठेव?" ती आमटी वाढत राहिली. "ताटात नाही ना वन्सं, म्हणून तर बघायचाय," म्हणाली. सोमवारी पहाटेची बस धरायची, गावाबाहेरचं येलवाल येईपर्यंत डोळा लागलेला असायचा, शुक्रवारी परत. वर्गातली पोरं लेकीच्या वयाची. पहिल्यांदा बोटीवर गेली तेव्हा तिला इतक्या उलट्या झाल्या की पोरांनी पाळीपाळीनं तिला धरलं; हे तिनंच येऊन हसत सांगितलं.

पहिलं वर्ष संपता संपता आजार निघाला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. हिनं त्यांना विचारलं, "दोन सेमिस्टर मिळतील का?" डॉक्टर गप्प राहिले, तर हिनं त्या गप्प बसण्यालाच होकार समजून पुढच्या वर्षाची फी भरली. तिचा प्रकल्प बांगडा माशावर होता. माशाच्या कानात तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा असतो, त्यावरची वलयं मोजून त्याचं वय कळतं, हे मला तिच्याकडून कळलं. प्रवास झेपेना तेव्हा चार महिन्यांत गोळा केलेले खडे ती घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून बसली. निवडलेले खडे तिनं लग्नातल्या चांदीच्या करंड्यात ठेवले होते, त्याचं झाकण घट्ट बसतं म्हणून.

आणि इथं माझा पराक्रम. तिला बरं वाटावं म्हणून मी सत्यनारायण घातला होता. चष्मा स्वयंपाकघरात राहिलेला, गुरुजी घाई करत होते. मी टेबलावरचा करंडा उचलला, बिनकुंकवाच्या अक्षता समजून तांदळात ओतला आणि चार जणांनी ते देवावर वाहिले. काही पंचामृतात गेले. काय वाहिलं ते कळल्यावर मी घर डोक्यावर घेतलं: विटाळ झाला, पूजा बाटली, हेच घडायचं होतं... मंजिरी चिमटा घेऊन आली. चौरंगाशी बसून तिनं एकेक खडा वेचायला घेतला, पण तांदळाच्या कणीतून तो ओळखू येईना, आणि दह्यात भिजलेल्यांवरची वलयं गेली होती. शेवटी चिमटा खाली ठेवून म्हणाली, "देवाला पोचले, वन्सं. मला पुन्हा काढावे लागतील." तिच्याकडे उरलेल्या थोड्याशा दिवसांतले चार महिने मी उधळले होते. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

तिच्या सरांनी सांगितलं की तिनं आधी मासे घेतले त्याच बंदरातला माल म्हैसूरला येतो, तो चालेल. पण मासळीबाजारात उभं राहायची ताकद तिच्यात नव्हती. मग मी गेले. बासष्ट वर्षांची, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी मी, नाकाला पदर लावून! कोळणीनं विचारलं, "सारिगा अम्मा, फ्रायगा?" सार करायचं की तळायचं? मी म्हटलं, "परीक्षेगे." परीक्षेसाठी. ती पोट धरून हसली. पण दर मंगळवारी बर्फातले ताजे बांगडे बाजूला काढून ठेवू लागली. मागच्या अंगणात मी डोकं धरायची, मंजिरी कापायची. ती दमली की मी कापायची, ती सांगायची. शेजारीपाजारी कुजबुजले. कुजबुजोत बापडे. तीन महिन्यांत खडे पुन्हा जमले, वलयं मोजून झाली, लाल बांधणीचा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. राहिली फक्त तोंडी परीक्षा.

तेराव्याला आमचे एक चुलतभाऊ जेवून, सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "घरी आरामात बसली असती तर चार दिवस जास्त जगली असती. एवढं करून काय मिळालं तिला?" मी म्हटलं, "तुम्ही सत्तर वर्षं आरामात बसलात, तुम्हाला काय मिळालं ते आधी सांगा."  शामनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला आवर म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात विद्यापीठातून फोन आला. सर भल्या मनानं बोलले, पण नियम नियम असतो: तोंडी परीक्षा झाली नाही, पदवी देता येणार नाही. शाम फोन ठेवून म्हणाला, "मग राहिलंच की तिचं, अक्का." मला त्याचाही राग आला. शिकायचं होतं, ती शिकली. राहिलं असेल तर ते विद्यापीठाचं.

आमच्या फाटकावर इतकी वर्षं फक्त शामच्या नावाची पाटी होती. मी पेंटरकडे गेले. कागदावर लिहून दिलं: मंजिरी, सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. त्यानं ते कानडीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "यारु अम्मा, मोम्मगळा?" नात आहे का? "अल्ला," मी म्हटलं, "नम्म मनेयवळु." नाही, आमच्या घरातली. अठ्ठावीस वर्षांत हे मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं... पाटी शामनं लावली, मी खालून धरली. जाणारे-येणारे थांबून वाचतात. कुणी विचारलंच, तर मी सांगते, कॉलेजला गेली आहे.