पाय लांब करून जायचं विमान

फुकटात विमानानं जाण्यासाठी आमच्या व्याह्यांनी जेवढा खर्च केला, तेवढ्यात सगळी निपाणी कॅनडाला जाऊन, आठ दिवस राहून, परत आली असती. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलंय, त्यामुळं माघारी बोलल्याचं पाप मला लागायचं नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. निपाणीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणते, आणि ते मला आक्का. त्यांचा उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. पान दोन बोटांत चुरगाळायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि भाव सांगायचा, हे त्यांचं काम. त्यामुळं झालं काय, की जगातली कुठलीही वस्तू समोर आली की त्यांची दोन बोटं आपोआप एकमेकांवर घासायला लागतात. सोयरीक ठरवायला आले तेव्हा माझ्या लेकाकडं बघतानासुद्धा ती बोटं चालू होती. लेक पसंत पडला, पण भाव किती लावला ते आजवर कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर बँकेतल्या कुणीतरी त्यांच्या गळ्यात एक कार्ड मारलं. त्या कार्डावर काही विकत घेतलं की विमान कंपनीच्या खात्यात तुमच्या नावावर मैल पडतात, आणि मैल पुरेसे साठले की तिकीट फुकट. अण्णांना हे इतकं आवडलं की ते कार्ड पानाच्या चंचीत, चुन्याच्या डबीशेजारी राहायला गेलं. दुकानात बाहेर काढलं की आधी काताचा वास यायचा, मग कार्ड. पोरगी माझ्या लेकाशी लग्न होऊन कॅनडाला गेलेली, तिकडं नात झालेली. नातीला बघायला आजी-आजोबांनी जायचं, आणि मैलांवर जायचं, हे तेव्हाच ठरलं.

तिथून पुढं माणसानं मैल गोळा करायचा जो धडाका लावला, तो काय सांगू! आपल्या घरच्या खर्चात असे किती मैल पडणार? म्हणून ते दुसऱ्याच्या खर्चात शिरले. शेजारी घर बांधत होता, त्याच्या फरशा यांच्या कार्डावर. पुतण्याचा फ्रीज यांच्या कार्डावर. ज्यानं त्यानं यांना रोख द्यायची आणि यांनी कार्ड घासायचं. सगळ्यांत कहर म्हणजे लग्नाचे बस्ते. आमच्या बेळगावात शहापूरला लग्नाची लुगडी-शालू घ्यायला गावोगावची मंडळी येतात. कुणाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं की अण्णा निपाणीहून एसटीनं हजर. एकदा तर मला बरोबर घेऊन ओळख ना पाळख अशा खानापूरकडच्या पाहुण्यांच्या बस्त्याला जाऊन बसले. मुलाकडच्यांना वाटलं मुलीचा मामा, मुलीकडच्यांना वाटलं मुलाचा चुलता. दोन वेळा चहा झाला, एक जांभळा शालू यांनी “पोत बरा न्हाय” म्हणून परत पाठवला, आणि बिलाच्या वेळी उठून म्हणाले, “कार्ड माझं घ्या, रोख माझ्याकडं द्या.” दुकानदार हात जोडून म्हणाला, “बेड री, नको अण्णा, कार्डला दोन टक्के ज्यास्त पडतंय. कॅश कोडी, रोखच द्या.” तर ते दोन टक्के यांनी स्वतःच्या खिशातून घातले! नवरीच्या आत्यानं मला हळूच विचारलं, “हे भाऊ तुमचे कोण हो? लई दिलदार दिसतात.” मी म्हटलं, “व्याही आहेत. डोक्यानं जरा विमानात असतात.”

माझ्या अनगोळच्या घरी आले की पायरीवर बसून हिशेब मांडायचे. एका मैलाची किंमत आज काय, गेल्या साली काय होती, कुठल्या मार्गानं गेलं तर चढती किंमत येते. मी म्हणायची, “अण्णा, कार्डाची वर्षाची फी धरली का? आणि ते दोन टक्के?” तर म्हणायचे, “फी म्हंजे बियाणं, आक्का. बियाणं कोण हिशेबात धरतंय?” बरं, पुरेसे मैल झाले तरी काढायचे नाहीत. “माल वखारीत मुरू द्यायचा असतोय. घाई केली की भाव पडतो.” आता तंबाखू मुरतो हे खरं. वखारीत राहिला की त्याला रंग चढतो, वास चढतो, भाव चढतो. पण मैल काय मुरणार? ते तर विमान कंपनीच्या वखारीत, आणि किल्ली तिच्याकडं. एवढा पारखी माणूस, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

आणि या सगळ्यात माझी विहीण. हडकुळी, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं. तिला कॅनडा बघायचा नव्हता, बर्फ बघायचा नव्हता. तिला नातीला मांडीवर घेऊन तेल लावून न्हाऊ घालायचं होतं. “पोर लहान हाय तवर,” म्हणायची. “मोठी झाल्यावर कोण हात लावू देतंय?” नात पालथी पडली, रांगली, चालायला लागली, ते सगळं तिनं फोनमध्ये बघितलं. एकदा अण्णांच्या समोरच मला म्हणाली, “तुमच्या अण्णांच्या मैलांपेक्षा नात बिगीनं वाढत्या, आक्का.” अण्णा हसले. आम्ही तिघंही हसलो.

माझ्या लेकानं दोघांना तिकिटं पाठवतो म्हणून किती वेळा सांगितलं. पण लेकीच्या घरचं पाणी पिताना जी माणसं अवघडतात, ती लेकीच्या घरच्या तिकिटावर कशी बसतील? मी म्हटलं, “मग रोखीनं साधं तिकीट काढा. पेन्शन आहे, घर आपलं आहे.” तर अण्णांनी चंची उघडून पान लावायला घेतलं. विहीण चहा टाकायला आत गेली तेव्हा मला हळू आवाजात म्हणाले, “साध्या जागेचा भाव मला सांगूच नका, आक्का. ही लग्न होऊन आल्यापासनं बिड्या वळत बसली. जन्मभर मांडी. आता ते गुडघे सरळ होईनात. त्या अरुंद खुर्चीत एवढा लांबचा प्रवास कसा करंल? पुढं मोठ्या खुर्च्या असतात, आडव्या होतात. तसली दोन तिकिटं रोखीनं घ्यायची माझी ऐपत न्हाय. मैलांत मिळतात. हिला पाय लांब करून न्यायची हाय मला.”

त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा जरा कमी केली. अगदी बंद नाही केली, कमी केली.

दोन मोठ्या खुर्च्यांपुरते मैल साठलेसुद्धा. अण्णांनी पेढे आणले, पासपोर्ट झाले, व्हिसा आला. पण दिवाळीच्या आधी भाव आणखी बरा येईल म्हणून थांबले. आणि एका सकाळी कंपनीनं त्याच खुर्चीला लागणारे मैल वाढवून टाकले. ना निरोप, ना विचारणा. अण्णांनी मला फोन केला. म्हणाले, “वखारीला आग लागली असती तर धूर तरी दिसला असता, आक्का.” मी म्हटलं, “आता सोडा हा नाद.” पण सोडतात कसले! पुन्हा शहापूर, पुन्हा फरशा, पुन्हा कुणाच्या तरी बस्त्यात कुणाचा तरी मामा. नात शाळेत जायला लागली. तिचे पुढचे दात पडले. वाढवलेले मैल भरत आले, भरले, आणि अण्णा उन्हाळ्याचा मुहूर्त बघत बसले.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी विहीण जेवून भांडी पालथी घालत होती, ती तिथंच बसली आणि गेली. दवाखान्यापर्यंतही न्यावं लागलं नाही.

मी निपाणीला पोचले तेव्हा अण्णा बाहेरच्या सोप्यात जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. फोनवर पोरगी रडत होती. तिकडं नाताळची सुट्टी, सगळी विमानं भरलेली. जी तिकिटं होती त्यांचे भाव ऐकून माझ्या लेकानंसुद्धा हात टेकले. अण्णांनी फोन हातात घेतला. म्हणाले, “बाळ, माझ्या खात्यात बघ. मोठ्या खुर्चीत जागा असंल. तू ये, पोरीला घेऊन ये.” पासवर्ड सांगितला. दोन जागा होत्या. सगळे मैल त्यात गेले.

भावकीतली म्हातारी माणसं कुरकुरत होती. एक चुलते स्पष्टच म्हणाले, “लेकीसाठी मयत एवढा वेळ ठेवायचं व्हय रं? रीत न्हाय आपल्यात.” अण्णांनी मान वर केली. “जन्मभर मी तिला थांबवलंय, आप्पा,” म्हणाले. “आज लेकीसाठी थांबू द्या.” मग चुलत्यांनीच पोरं धाडली. बर्फाच्या लाद्या आणल्या. तिसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आत दोघी आल्या आणि मगच विहिणीला उचललं. सून रात्री माझ्याजवळ आडवी झाली, पण डोळा लागेना तिचा. म्हणाली, “आई, ती खुर्ची मी आडवी केलीच नाही. सगळा प्रवास ताठ बसून आले.”

दहावा झाला त्या दिवशी पंगत उठल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. बोटांवर बोटं घासत होती. “आक्का,” म्हणाले, “त्या दिवशी रोखीचा भाव बघितला न्हवं? तेवढा भाव मैलाला ह्याच्या आधी कधी आला नव्हता. आणि पुढंही येणार न्हाय.” मी त्यांच्या पाठीवर नुसता हात ठेवला. व्याह्याच्या पाठीवर विहिणीनं हात ठेवू नये म्हणतात. असू दे.

सून आणि नात परत जायला निघाल्या, तेव्हा आम्ही दोघं बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर पोचवायला गेलो. माझ्या लेकानंच परतीची तिकिटं काढली होती, साधी. नात आता माझ्या खांद्याला लागते. आत जाताना वळून म्हणाली, “आजोबा, तुम्ही कधी येणार?” इतकी वर्षं या प्रश्नाला अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं, भाव जरा वर आला की लगेच. या वेळी त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ती गेली.

परतताना रिक्षात अण्णा रस्त्याकडं बघतच म्हणाले, “आक्का, तसलं साधं तिकीट केवढ्याला पडतंय हो?”

मी सांगितलं.

“एवढंच व्हय?” म्हणाले, आणि अनगोळ येईपर्यंत बाहेर बघत राहिले.